कनीजबीचे झांजिबारी मासे

नूर महंमद बारा वर्षांनी झांजिबारहून परतला तेव्हा त्याच्या पेटीतून काय निघतं ते बघायला मण्यारांची अर्धी गल्ली कनीजच्या ओट्यावर गोळा झाली होती. सन पस्तीसची गोष्ट. जळगावात तेव्हा समुद्रापलीकडे जाऊन आलेली माणसं थोडकी, त्यामुळे पेटीचं झाकण उघडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. आधी लवंगांची एक पिशवी निघाली. मग मोठ्या ठशांची लाल-पिवळी चादर, नळाचे पान्हे, दोन पितळी तोट्या, आणि अगदी तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. शेजारच्या खालानं त्याच्यावर झडप घातली, झाकण काढून आत बोट घातलं आणि ते ओढणीला पुसत ओरडली, "या अल्ला, हा तर चिखल!"

ओट्यावर हशा पिकला. नूर महंमदनं डबा तिच्या हातून हळूच काढून घेतला, झाकण घट्ट बसवलं आणि घागरींमागच्या थंड कोपऱ्यात नेऊन ठेवला. कनीजही चारचौघींसारखी हसली, पण तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. नवरा काय करतो, नवरा कधी येतो, असं गावानं तिला बारा वर्षं विचारलं होतं आणि बारा वर्षं तिनं त्याची बाजू सांभाळून घेतली होती. आता तो आला होता आणि येताना चिखल घेऊन आला होता.

कनीज मूळची धुळ्याची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आली. सासरी पिढ्यान् पिढ्या बांगड्यांचा धंदा, पण नूर महंमदचं चित्त लोखंडात. कापूस पिंजणाऱ्या कुठल्या जिनात पंप अडला की बोलावणं याला. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती तोच मुंबईच्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की झांजिबारला पाणीपुरवठ्याच्या कामावर फिटर हवेत, आणि हा बोटीत बसला. तीन वर्षांत येतो म्हणाला. मागे सासू आणि सून उरल्या. सासूचे हात कापू लागले, भरताना बांगड्या फुटू लागल्या, तेव्हा कनीजनं पाटी डोक्यावर घेतली.

त्या कामात तिचा हात बसला. बाईचा हात हातात घेतला की माप तिच्या तोंडात तयार असे. अंगठ्याखालचा उंचवटा दाबत, घरातल्या चार गोष्टी विचारत ती बांगडी अशी सरकवी की ती मनगटावर आल्यावरच बाईला कळे. पेठेतल्या वकिलांच्या माडीपासून मेहरूणच्या मळ्यांपर्यंत तिची घरं बांधलेली होती. पुढे सासू वारली. कनीज एकटी राहिली आणि एकटेपणाची तिला सवय झाली. नवऱ्याची वाट बघणं तिनं सोडलं नव्हतं, पण ते दारावर टांगलेल्या जुन्या ताईतासारखं झालं होतं, होतं, एवढंच.

आणि आता हा परतलेला माणूस. कानशिलं पिकलेली, हिवतापानं पिवळा पडलेला, बोलता बोलता मध्येच परका शब्द वापरणारा. दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत. तो पाणी मागताना संकोचत असे आणि ती ताट वाढून बाजूला उभी राहत असे.

आल्यावर आठवडाभरानं त्यानं तिच्याकडे एक पसरट भांडं मागितलं. तिनं जुनी चिनी मातीची परात दिली. विहिरीचं पाणी त्यानं जिभेवर घेतलं आणि थुंकलं. "हे जड आहे," म्हणाला, आणि दोन डबे घेऊन मेहरूणच्या तलावावर पायी गेला. ते पाणी आणून गाळलं, परातीत डब्यातला चिखल कुसकरून टाकला आणि वर पाणी ओतलं. चिखल तसा चिखल नव्हताच. विड्यासाठी मळलेल्या तंबाखूइतका ओलसर, काळपट भुगा होता.

"हे काय करताय?" कनीजनं विचारलं.

"उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिनं परातीत सहज डोकावलं. पाण्यात पापणीच्या केसाएवढं काहीतरी तटकन हललं. मग आणखी एक. तिनं खाली बसून, केरसुणी हातात तशीच धरून पाहिलं. त्या केसांना डोळे होते.

"अहो," तिनं हाक मारली, "चिखलात जीव पडलाय!"

तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याशी मोकळेपणानं बोलला. ते दोघं घरात दखनी आणि खानदेशी मिसळून बोलत, तसंच त्यानं सांगितलं. झांजिबारला घरांच्या मागे, लवंगांच्या बागांत खड्डे असतात. पावसाचं पाणी साठलं की त्यांत बोटाच्या पेराएवढे मासे दिसतात. त्यांचं सगळं आयुष्य त्या पाण्यापुरतं. मोठं व्हायचं, गाळात अंडी घालायची आणि खड्डा आटला की मरायचं. आटलेल्या गाळाला भेगा पडतात, गुरं त्यावरून जातात, आणि आत अंडी जिवंत असतात. पुन्हा पाणी आलं की पुन्हा मासे.

"आणि तुम्ही ती अंडी बोटीतून आणलीत?"

"दुसरं काय आणणार?" तो म्हणाला. त्या बोलण्यात काही होतं, पण कनीजचं लक्ष परातीकडे होतं.

पिल्लं परातीत मावणार नव्हती. नूर महंमदनं काचेची पेटी करायला घेतली. जिनाच्या भंगारातून लोखंडी पट्ट्या आणून चौकट केली, तळाला शहाबादी फरशी बसवली, चार बाजूंना काचा. फटी भरायला खडूची भुकटी, शेंदूर आणि जवसाचं तेल मळून लांबी केली. पहिल्या खेपेला पेटी गळली आणि घरभर पाणी झालं. दुसऱ्या खेपेला गळली नाही, पण तिच्यातलं पाणी तो दोन-तीन आठवडे भरत आणि ओतत राहिला, कारण शेंदराचा विषार पाण्यात उतरला असता. तोवर मासे माठात वाढत होते.

तळाला घालायला गिरणा नदीची वाळू आली, पाच-पाच वेळा धुतलेली. पाणवनस्पती आणल्या धुरपदाबाईनं. ती धरणगावकडची, मेहरूणला दिलेली, तलावाच्या काठी तिचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. कनीज तिला अक्का म्हणे. लांब फितीसारखं एक गवत आणि चवरीसारखं झुबकेदार शेवाळ तिनं टोपलीतून ओलं फडकं घालून आणलं, आणि ते वाळूत रोवताना नूर महंमदकडे बघून तोंडाला पदर लावला.

"काय वं कनीज, तुन्हा दादला हाई काय करी राहीना? बठ्ठी गल्ली हासी राहीनी."

"हसू दे अक्का," कनीज म्हणाली. "घरी तर आहे."

दीड महिन्यात माशांना रंग आला आणि गल्लीचं हसणं थांबलं. नराच्या अंगावर निळसर हिरवी खवलं, प्रत्येक खवल्याला तांबडी किनार, आणि शेपूट अशी लालभडक की उन्हाची तिरीप पेटीवर आली की निखारा फिरतोय असं वाटे. मादी मात्र राखाडी, साधी. बांगड्या भरायला आलेल्या बायका आधी पेटीपुढे बसू लागल्या. वकिलांच्या घरच्या लताबाई एरवी मण्यारिणीला घरी बोलावणाऱ्या, त्याही टांगा करून आल्या आणि म्हणाल्या, "कनीजबी, इथं तर सगळा दागिना पुरुषाच्या अंगावर!" धुरपदाबाई पेटीला नाक लावून म्हणाली, "मेहरूणना तलावम्हा असा रंग मी कधी दखा नही."

कामं आपोआप वाटली गेली. पाणी आणणं आणि बदलणं नूर महंमदकडे. खाणं कनीजकडे. फेरीला जाता-येता तिचं लक्ष लोकांच्या हौदांवर असे. डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या की फडक्यानं गाळून ती त्या लोट्यातून घरी आणी, आणि हौदवाली बाई वर धन्यवाद देई. नर एकमेकांचे पंख फाडतात, म्हणून एका नराला दोन माद्या अशी विभागणी तिनंच करून दिली. अंड्यांसाठी पेटीच्या तळाशी एक मातीचं बोळकं ठेवलेलं असे, काळ्या कुजलेल्या पाल्याच्या भुग्यानं भरलेलं. नर-मादी अंगाला अंग लावून त्यात शिरत, क्षणभर थरथरत आणि बाहेर येत. मग तो भुगा काढायचा, फडक्यात पिळायचा, डब्यात घालून विसरून जायचा. तीन-चार महिन्यांनी पाणी ओतलं की नवी पिढी तयार.

पहिला नर म्हातारा होऊन पाठीत वाकला आणि मेला तेव्हा कनीज दिवसभर रुसून बसली. "असले कसले मासे आणलेत? जीव लावावा तोवर संपले."

"डब्यात आहेत ना त्याची पोरं," नूर महंमद म्हणाला.

"पोरं आहेत. तो कुठाय?"

 त्या दिवशी त्यानं तिच्यासाठी स्वतः चहा केला, आणि त्यानंतर ती दोघं एका ताटात जेवू लागली.

दुसऱ्या वर्षीचा हिवाळा संपत आला होता. दुपारची वेळ. पेटीतलं शेवाळ दाट झालं होतं म्हणून नूर महंमद कोपरापर्यंत हात घालून ते विरळ करत होता. कनीज समोर बसून बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होती. नर दोन्ही माद्यांपुढे पंख पसरून मिरवत होता.

"बघा तुमच्या साहेबाचा थाट," ती म्हणाली. "एक नर आणि दोन बायका. तुमच्या झांजिबारात माणसांचंही असंच चालतं का?"

तिला वाटलं, तो नेहमीसारखा नाकातल्या नाकात हसेल. त्याचा हात पाण्यात तसाच राहिला.

"माझं चाललं," तो म्हणाला.

तिचा दोरा थांबला. तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. "झुवेना नाव होतं तिचं. सात वर्षं एकत्र होतो. मूल अडलं. ती गेली, मूलही गेलं. मग तिथं मन लागेना."

"आणि हे मासे?"

"तिच्या आईच्या घरामागच्या खड्ड्यातले. तिनंच दाखवले मला. गाळ कसा राखायचा तेही तिनंच."

बाहेर कुणीतरी कापसाची गाडी हाकत गेलं. 

"आल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी बारा वर्षं गावाला उत्तरं देत होते," कनीज म्हणाली. "मला विचारायला उसंत कुठे होती?"

दुसरं लग्न ही काही तिनं कधी न ऐकलेली गोष्ट नव्हती. गल्लीतच तशी दोन घरं होती. पण शंभर घरांत, बायकांचे हात हातात घेऊन, त्या खोचून विचारत असताना ती हसत म्हणाली होती, 'आमचा माणूस तसा नाही.' ते प्रत्येक वाक्य आता तिला एकेक करून आठवू लागलं. सकाळी तिनं पाटी उचलली, दोन कपडे बांधले आणि जरीनाकडे जाऊन येते असं सांगून स्टेशन गाठलं. जरीना तिची धाकटी बहीण, धुळ्यात दिलेली. कधी परतणार ते कनीजनं सांगितलं नाही आणि नूर महंमदनं विचारलं नाही.

धुळ्याला पोचून पाटी उतरवली तर बांगड्यांखाली एक डबा. जरीनानं मागे ते मासे मागितले होते, म्हणून कनीजनं पंधरा दिवसांपूर्वीच एक भुग्याचा डबा भरून पाटीत ठेवला होता आणि विसरून गेली होती. पाहिल्याबरोबर तो उचलून पांझरेत फेकून द्यावा असं तिला वाटलं. नदी काही लांब नव्हती. पण तिनं तो जरीनाच्या फडताळावर मागे ढकलून दिला.

जरीनाचा नवरा असलम हातमागावर लुगडी विणायचा. सरळ माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "मी जळगावला जाऊन त्याला दोन शब्द सुनावतो." कनीज म्हणाली, "शब्द माझ्याकडे पण आहेत भाऊ. इतक्यात नको." ती धुळ्याच्या गल्ल्यांतून पाटी घेऊन फिरू लागली. नव्या गावात मापं नव्यानं शिकावी लागतात. दिवस जात होते. जळगावहून कुणी आलं नाही आणि तिनंही निरोप धाडला नाही.

चैत्र सरत आला तेव्हा फडताळ झाडताना डबा पुन्हा हाताला लागला. झाकण उघडून तिनं वास घेतला. ओल्या पाल्याचा, गोडसर. म्हणजे भुगा बिघडला नव्हता. भिंगासारख्या बारीक अंड्यांत काळे डोळे दिसत होते. आता पाणी मिळालं नाही तर थोड्या दिवसांत ती आतल्या आत मरणार. वस्तू हातानं वाया घालवायची सवय कनीजला नव्हती. फुटलेल्या बांगडीची काचही ती गोळा करून भट्टीवाल्याला देत असे. ती बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसली. मासे त्या बाईचे होते. पण त्या बाईनं तरी तिचं काय वाईट केलं होतं? तिला ठाऊक तरी होतं का, की जळगावात कनीज नावाची कुणी आहे?

असलमकडे सूत भिजवायची एक जुनी दगडी कुंडी होती, रंगाला न लागलेली. कनीजनं ती घासली, सावलीत ठेवली, गाळलेलं पाणी भरलं आणि भुगा ओतला.

पिल्लं निघाली. उन्हाळा धुळ्याचा. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून, दुपारी ते पुन्हा पुन्हा भिजवून तिनं ती जगवली. आणि त्यांना खाऊ घालताना एक वेगळीच गोष्ट घडू लागली. नवऱ्याला सुनवायचे शब्द ती मनात जुळवायला बसे आणि त्यांच्या जागी प्रश्न येत. ती कशी दिसायची? आजारी पडली तेव्हा जवळ कोण होतं? हा माणूस तिथं पाणी मागताना संकोचायचा का?

वैशाखात लताबाई एका लग्नाला धुळ्याला आल्या. मांडवात बांगड्या भरायला मण्यारीण बोलावली तर ती कनीज निघाली.

"अगं बाई, तू इथं?" लताबाईंनी तिचा हातच धरला. "तुझा नवरा तिकडे तापानं अंथरुणाला खिळलाय. मेहरूणची ती धुरपदाबाई पेज पोचवते म्हणून बरं. आणि ते मासे गं, सगळे गेले म्हणे. त्याला उठवेना, पेटीतलं पाणी तापलं आणि एकाच दुपारी सगळे उताणे."

"आणि डब्यांतला गाळ?"

"तो बाई मला काय माहीत!"

कनीजनं लताबाईंच्या दोन्ही हातांत चुडा भरला. एकही बांगडी फुटली नाही. मग घरी येऊन तिनं जरीनाची लोणच्याची मोठी बरणी मागून घेतली.

धुळ्याहून जळगावला जायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. बरणी मांडीवर, तिच्याभोवती ओलं फडकं, आत अर्धवट वाढलेले दहा-बारा मासे. चाळीसगावच्या फलाटावर लोखंडाचं छप्पर तव्यासारखं तापलं होतं आणि फडकं वाळून कडक झालं होतं. स्टेशनावर तेव्हा हिंदूंचा पाणीवाला वेगळा, मुसलमानांचा वेगळा. मुसलमानांचा पाणीवाला कुठं दिसेना. हिंदू पाणीवाला बादली घेऊन समोरून चालला होता. कनीज उठून उभी राहिली.

"आबा, या फडक्यावर थोडं पाणी घालता?"

म्हातारा थबकला. "बाई, ते पाणी तुला..."

"मला नको. यांच्यासाठी."

त्यानं वाकून बरणीत पाहिलं. तोवर एका नराच्या शेपटीवर लाली चढू लागली होती. "आता यांची जात कोण विचारणार?" म्हातारा म्हणाला, आणि त्यानं फडकं चांगलं निथळेपर्यंत भिजवलं. गाडी येईपर्यंत तो आणखी दोनदा येऊन गेला.

घराचं दार उघडंच होतं. नूर महंमद खाटेवर, डोळे खोल गेलेले. पेटी कोरडी पडली होती आणि वाळूवर शेवाळाच्या दोऱ्या चिकटल्या होत्या. डब्यांतला गाळ काही बुरसला होता, काही विटेसारखा झाला होता. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.  कनीजनं बरणी गारव्याला ठेवली, डॉक्टरकडून हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणवल्या आणि पेटी धुवायला घेतली.

त्याचा ताप उतरून तो बसू लागला तेव्हा एका दुपारी ती खाटेजवळ पाट घेऊन बसली.

"एक विचारते. तिच्या हातात बांगड्या होत्या?"

नूर महंमदला समजायला क्षणभर लागला. "नाही. गळ्यात मणी होते. लाल."

"हात कसा होता?"

"बारीक. तुझ्यापेक्षा बारीक."

"सव्वादोनचं माप," कनीज म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मूल काय होतं?"

"मुलगी."

कनीज उठून चुलीपाशी गेली. तिथं तिनं डोळ्यांना पदर लावला. तो कुणासाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. परत आली तेव्हा तिनं आपली अट सांगितली. "या घरात यापुढे काही झाकून ठेवायचं नाही. तिचं नाव घ्यायचं असेल तेव्हा घ्या. आणि गावात कुणी विचारलं तर मी सांगणार, होती म्हणून."

तिनं ते खरं करून दाखवलं. पुढच्या शब-ए-बारातीला हलवा केला, सासू-सासऱ्यांच्या नावानं फातिहा झाला, आणि मग कनीजनं मौलवीसाहेबांना आणखी एक नाव सांगितलं. त्यांना ते दोनदा उच्चारून दाखवावं लागलं. खाला डोळे वटारून बघत राहिली. फेरीवर कुणी खोचून विचारलंच तर कनीज बांगडी सरकवता सरकवता सांगे, "हो, तिकडे एक होती. बिचारी बाळंतपणात गेली." 

त्यानंतरची सात-आठ वर्षं त्यांची चांगली गेली. धुळ्याच्या कुंडीतल्या त्या माशांपासून पुन्हा वंश वाढला. जळगावात चार-पाच घरांत, लताबाईंच्या माडीवरही, नूर महंमदनं केलेल्या काचपेट्या दिसू लागल्या. पालिकेतल्या हिवताप हटवण्याच्या कामावरच्या माणसानं एकदा हौसेनं काही मासे मागून नेले आणि दोन विहिरींत सोडले. त्यांनी अळ्या खाल्ल्या, पण तिथं त्यांना अंडी घालायला गाळही नव्हता आणि तो वाळायला ऊनही नव्हतं. वर्षभरात ते संपले. पालिकेनं पुन्हा मागितले नाहीत. लढाई सुरू झाल्यावर काच महागली, बांगड्यांचा मालही वेळेवर येईना. नूर महंमद तेव्हा घरोघरी पंप दुरुस्त करत फिरे आणि कनीज मिळेल तेवढा माल घेऊन मेहरूणपर्यंत जाऊन येई.

चव्वेचाळीस साली तो गेला. हिवतापानं नाही, छातीच्या दुखण्यानं, सकाळच्या चहानंतर. कनीजनं रीतीप्रमाणे इद्दत पाळली, चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही. त्या दिवसांत पेटीचं पाणी धुरपदाबाई वाहून आणत होती, तिच्याही गुडघ्यांनी तेव्हा दगा द्यायला सुरुवात केली होती.

मासे आणखी दोन वर्षं टिकले. मग अंडी पोकळ निघू लागली. पिल्लं निघत ती वाकड्या पाठीची, पोहण्याऐवजी तळाला फरफटणारी. एकाच खड्ड्यातल्या, एकाच घरातल्या इतक्या पिढ्या झाल्यावर रक्त पातळ होणारच, असं कनीज म्हणे. लताबाईंच्या पेटीतला नर आणून पाहिला, भुगा बदलून पाहिला, पाणी बदलून पाहिलं. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर डब्यांत पाणी ओतलं तर काहीच हललं नाही. तिनं तो भुगा दोन दिवस परातीत राहू दिला आणि मग धुरपदाबाईच्या वांग्यांच्या वाफ्यात नेऊन टाकला. पेटी मोडली नाही. मेहरूणच्या तलावातले लहान रुपेरी मासे तिच्यात सोडले. त्यांना रंग नव्हता, पण ते झुंडीनं वळत तेव्हा पेटी एकदम उजळे, आणि ते वर्षानुवर्षं जगत.

सत्तेचाळीस साल सरता सरता असलम आणि जरीना कराचीला निघाले. असलमचा भाऊ आधीच तिकडे गेला होता. जरीनानं फार आग्रह केला. "तुझं इथं आता आहे कोण?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"इथल्या बायकांचे हात मला पाठ आहेत," कनीज म्हणाली. "तिकडे जाऊन या वयात मापं कुठं शिकू?"

त्यांना पोचवायला ती धुळ्याच्या स्टेशनावर गेली. जरीना डब्याच्या दारात उभी राहून रडत होती आणि असलम सामान मोजण्यात गुंतल्याचं दाखवत होता. गाडी सुटल्यावर फलाटावर फारसं कुणी उरलं नाही. कनीज बाकावर बसून राहिली. जळगावसाठी तिला पुढच्या गाडीनं निघायचं होतं. परवा मेहरूणला धुरपदाबाईच्या मळ्याशेजारच्या तोताराम पाटलाच्या मुलीची हळद होती आणि हिरवा चुडा भरायला तिला सकाळीच बोलावलं होतं.